आमचं साडू आन् गावकीची ताटं

मुळशी तालुक्यात असा एकबी धंदा न्हाई, ज्याच्या गटारात आमच्या साडूनं नाक घातलं न्हाई. पिरंगुटची कंपनी असू द्या, पौडचं सलून असू द्या, न्हाईतर रिह्यातलं फार्महाऊस असू द्या. दुसरी माणसं पुढच्या दारानं आत जात्यात, आमचं साडू आधी मागच्या बाजूला जात्यात. तितं उभं राहून पाणी कुटं चाललंय, कसलं चाललंय, वास कसला येतोय ते बघत्यात, आन् मंग पुढं येऊन नमस्कार घालत्यात. चार माणसं भेटल्यावर "बरं हाय का?" म्हणत्यात. आमचं साडू म्हणत्यात, "हे कुटं जातं?"

साडू म्हंजे माझ्या बायकूच्या थोरल्या भनीचं मालक. त्या भनीला आमी समदी आक्का म्हणतो. दोघं भरे गावात ऱ्हात्यात. साडू आधी पिरंगुटच्या एका कंपनीत क्वालिटीला हुतं, म्हंजे माल पास का नापास ते सांगायचं काम. एक दिवस घरी आलं, डबा ठेवला आन् आक्काला म्हणलं, "आजपास्नं मी जाणार न्हाई. माल पास व्हतुया, पण कंपनी नापास हाय." तवापास्नं मोटारसायकलवर बसून तालुकाभर फिरत्यात आन् धंदेवाल्यांना सांगत्यात, धंदा टिकंल असा करा, पाणी नासू नका, कचरा करू नका. ह्याला पुण्याची माणसं एक लांबडा शब्द वापरत्यात. मी त्यो म्हणायला गेलो की जीभ दाताखाली येती. मी दुसरीला दोनदा बसलेला गडी, आन् तिसरीला बसायला जागाच उरली न्हाई. म्हणून मी साडूला म्हणलं, मला समजंल असं सांगा. तर म्हणलं, "आपल्या मागं नातवानं शिवी देऊ नये, असा धंदा." मी म्हणलं, "मंग माझ्या ढाब्याची काळजी सोडा. माझं गिऱ्हाईक जेवतानाच समद्या शिव्या देऊन मोकळं व्हतंय, नातवापत्तूर काय शिल्लकच ऱ्हात न्हाई."

माझा ढाबा ताम्हिणी घाटात हाय. जमीन इकून मी आधी जीप घेतली हुती, टुरिस्टाला फिरवायला. ती जीप आता ढाब्याच्या मागं उभी हाय आन् तिच्यात कोंबड्या बसत्यात. त्या बी पुढच्या सीटसाठी भांडत्यात. माझ्या हातचं पिठलं असं, की एकदा एका गिऱ्हाइकानं भाकरी बुडवली ती परत निघंना. साडूनं त्यातबी गुण शोधला. "ह्याचं पिठलं वाया जात न्हाई," म्हणलं, "ताटाला असं चिकटतं की सांडायचा प्रश्नच न्हाई."

माणूस ताप हाय, खोटं कशाला बोलू? पौडात दाढी करायला बसलं, तर न्हाव्याला इचारत्यात, "केस कुटं जात्यात?" न्हावी म्हणला, "पोत्यात." "आन् पोतं?" न्हाव्यानं वस्तरा गळ्याला लावला आन् म्हणला, "काका, आता बोलू नका, न्हाईतर रगत कुटं जातं ते बी दिसंल." तरी साडूनं सोडला न्हाई. गळ्याला वस्तरा असताना त्याला शेणखतात केस कसं कुजवायचं ते समजावलं. न्हाव्याचा भाऊ शेती करतोय, त्यो आता महिन्याला पोतं घेऊन जातोय. आन् साडूची त्या दिवशीची दाढी अर्धीच झाली, कारण न्हावी ऐकता ऐकता इसरला कुठली बाजू ऱ्हायली. अर्ध्या दाढीनं साडू पुढं एका गॅरेजवाल्याकडं गेलं, इंजिनाचं जळकं ऑइल कुटं जातं ते इचारायला.

माझ्या पुतणीच्या बघण्याच्या कार्यक्रमात तर मी मान खाली घातली ती दुसऱ्या दिवशीच वर काढली. पोराच्या बापाचं पिरंगुटला पत्र्याला रंग माराय‌चं वर्कशॉप. पोहं आलं, पोरगी आली, कुणी पोराचा पगार इचारतोय, कुणी शिक्षण. साडूनं पोह्याची बशी खाली ठेवली आन् बापाला म्हणलं, "तुमच्या नाल्याचा रंग कंचा हाय?" बाप म्हणला, "काय म्हणलासा?" "न्हाई, रंगाचा धंदा हाय, तर नाला कंच्या रंगाचा?" बापाचं तोंड मातूर लाल झालं, नाल्याचं कळलं न्हाई. मी मधी पडलो, म्हणलं, "पाव्हणं, मनावर घेऊ नका, आमच्या साडूला लहानपणी ताप आला हुता." आठवडाभर निरोप न्हाई. आमची वहिनी रडकुंडीला आली. मंग त्या बापाचा फोन आला, पण माझ्या भावाला न्हाई, साडूला. म्हणला, "या एकदा बघायला. माझी बायकू बी हेच इचारतीया रोज." साडू गेलं, टाकी बांधून घेतली, गाळ येगळा काढायला लावला. लगीन बी झालं. जेवणाला बसल्यावर नवऱ्याचा बाप मला म्हणला, "तुमी म्हणला त्यो ताप कुणाला आला हुता?"

पण असं एखादंच. बाकी माणसं साडूला चहा पाजत्यात, व्हय व्हय म्हणत्यात आन् गेलं की पयल्यावाणी चालू. घाटातल्या ढाबेवाल्यांची त्यांनी एकदा बैठक घेतली. माझ्याच ढाब्यात चादर बांधली आन् तिच्यावर उजेडाचा सिनेमा पाडला. थर्माकोलच्या ताटांनी ओढा कसा तुंबतो, त्याचं चित्र. मंग गोल फिरणाऱ्या बाणांचं चित्र. मला वाटलं पंख्याची जाहिरात हाय. वारा आला, चादर फुगली, बाण समद्यांच्या अंगावरनं फिरलं. साडू बोलत ऱ्हायलं. शेवटी म्हणलं, "कुणाला काय शंका?" तर कुणीतरी म्हणला, "हे घोरतंय कोण?" मी हुतो.

आक्का हे समदं सोसत आली. पण दोन वरसं झाली, घरात शिवणकामाची मशीन तीच चालवणार, साडू गटारं बघत फिरणार. आन् यंदा पावसाळ्याच्या तोंडाला कंपनीतनं फोन आला, जुनी जागा रिकामी हाय, दसऱ्याला या. त्या दिवशी मी भऱ्यात आक्काकडं जेवायला हुतो. आक्कानं मला वाढलं, साडूला वाढलं आन् उभ्यानंच म्हणाली,

"तुमचं ऐकून कायमचा सुधारलेला एक धंदा दाखवा. एक."

साडू म्हणलं, "त्यो रंगवाला."

"त्यो बायकूचं ऐकून सुधारला. तुमचं ऐकून?"

साडू भात कालवत ऱ्हायलं. आक्का म्हणाली, "माझी एकच अट हाय. तुमी असला की समदी नीट वागत्यात. तुमी नसताना चाललं पायजे. एक धंदा धरा, दसऱ्यापत्तूर तिकडं पाय लावायचा न्हाई. तुमच्याबिगर चालला, तर मी जल्मात कंपनीचं नाव काढणार न्हाई. न्हाई चालला, तर दसऱ्याला डबा भरून देते."

साडूनं मान वर केली आन् माझ्याकडं बघितलं. मी घास परत ताटात ठेवला. म्हणलं, "साडूभाऊ, मी नगं. तालुक्यात दुसरा कुणीबी धरा. मी माझ्या कोंबड्यांना बी हाकलू शकत न्हाई."

"तूच," साडू म्हणलं. "तुझ्याकडं चाललं तर कुटंबी चालंल."

बाहेर आल्यावर मला एकच गोष्ट सांगितली, "थर्माकोल, प्लास्टिक, फेकायचं ताट, वाटी, पेला, काय बी ढाब्यात येता कामा नये. बाकी तुझं तू बघ." आन् गेलं. माणूस असा कुणाच्या भरवशावर आपलं समदं टाकून जातोय का? ते बी माझ्या?

आता झाली का पंचाईत. पावसाळ्यात शनवार-ऐतवारी घाटात पुण्यातनं जत्रा येती. धुकं बघत्यात, धबधबा बघत्यात आन् भिजून भुकेजून ढाब्यात शिरत्यात. माझ्याकडं स्टीलची ताटं किती, तर घरची सा. नवी घ्यायची अक्कल मला आली असती, पण आधी दुसरीच अक्कल आली. आमच्या गावात पद्धत हाय. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं गावकीला ताटं द्यायची. मशीनीनं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकायचं आन् देवळाच्या खोलीत ठेवायची. पूर्वी गावातली लग्नं, भंडारं त्याच ताटांवर व्हायची. आता समदी हॉलवर जात्यात, ताटं कुलपात. किल्ली माझ्याकडं, कारण गावात रिकामा माणूस मीच. मी म्हणलं, गावकीची म्हंजे माझी बी की. शुक्रवारी टेम्पोत घातली आन् ढाब्यात आणली.

ऐतवारी पुण्याची एक पार्टी आली, नवराबायकू आन् नवऱ्याचं म्हातारं वडील. म्हाताऱ्यांनी पिठलं-भाकरी मागवली. निम्मं जेवण झालं आन् म्हातारं थांबलं. बोटानं पिठलं बाजूला सारलं, चष्मा लावला आन् वाचलं, "कै. धोंडिबा यांच्या स्मरणार्थ." मला हाक मारली. "अहो, हे कोण?"

मी धीर द्यायला गेलो. म्हणलं, "घाबरू नका काका, त्येंना जाऊन लई वरसं झाली."

म्हातारं आणखीनच घाबरलं. "म्हणजे हे त्यांचं ताट आहे?"

"तसं त्येंचंच. पण आता ते जेवत न्हाईत."

सून हसायला लागली, म्हाताऱ्यांना ठसका लागला, शेजारच्या टेबलावर एकानं आपला भात उकरून बघितला, तर त्याच्या ताटात "कै. पार्वतीबाई" निघाल्या. ढाबाभर समदी ताटं उकरायला लागली. "माझ्याकडं कोण आलंय बघ!" असं एकामेकाला दाखवायला लागली. कुणीतरी फोटो काढला. त्यो फोटो गावात माझ्या आधी पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाआत्या आली. धोंडिबा म्हंजे तिचं मालक. म्हातारी सत्तरीच्या पुढची, वाकून चालती, पण तोंड सरळ हाय. तिच्या मागं गावातली चार माणसं, म्हंजे मला धरायला की हाणायला ते कळंना. मी जीपच्या मागं गेलो. कोंबड्यांनी वरडून जागा सांगितली.

"ये बाहेर," आत्या म्हणाली. "ह्येंच्या ताटात कोण जेवलं?"

"पुण्याचं एक म्हातारं."

"काय जेवलं?"

"पिठलं-भाकर. मागनं भात."

"पोट भरलं का त्याचं?"

"व्हय. परत भात मागितला."

आत्या बाकड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मालक असताना दारावरनं कुणी उपाशी गेला न्हाई. आन् मेल्यावर तुमी त्येंना कुलपात घातलं. इतकी वरसं उपाशी ठेवलं." मंग त्या चार माणसांकडं वळली. "काय रं, तुमचं बा बी ह्याच ताटांवर हायेत न्हवं? का परत कुलपात कोंडायचं त्येंना?"

माणसं मला हाणायला आली हुती, ती ताटं मोजून, पुसून, नीट लावून गेली. एक जण जाताना म्हणला, "आमच्या आबाला खिडकीपाशी दे, हवा लागंल." आठवड्यात आणखी ताटं आली. ज्यांनी गावकीला दिली नव्हती त्यांनी बी नाव टाकून आणून दिली.

साडूला ह्यातलं काय ठाव न्हाई. त्यांना यायला बंदी. पण माणसाला ऱ्हावंतं का? एक शनवारी ढाब्यासमोर रस्त्याच्या पलीकडं एक माणूस धुक्यात उभा. अंगावर रेनकोट, डोक्यात हेल्मेट, तोंडाला मास्क. बराच येळ उभा. मंग हळूच माझ्या ढाब्याच्या मागच्या बाजूला गेला आन् वाकून गटार बघायला लागला. मी वरडलो, "साडूभाऊ, आक्काला सांगू का?" हेल्मेट धडधड पळत गेलं.

खरी गंमत भादव्यातल्या एका ऐतवारी झाली. पाऊस मुसळधार, घाटात गाड्यांची रांग, ढाब्यात उभं ऱ्हायला जागा न्हाई. भांडी घासणारी बाई आजारी. घासलेलं एक ताट शिल्लक न्हाई आन् गिऱ्हाईक टेबल वाजवतंय. मी घाबरलो. पौडच्या बाजारात सलीमभाईंचं दुकान हाय, पत्रावळ्या, द्रोण, थर्माकोल, समदं इकत्यात. साडूची आन् त्येंची जुनी दोस्ती, रोज भांडाय‌ची. मी फोन लावला. "सलीमभाई, कुणाच्या तरी गाडीवर थर्माकोलच्या ताटांचा एक गठ्ठा पाठवा. आजच्यापुरता."

सलीमभाई म्हणले, "दसरा झाला का?"

"न्हाई."

"मग न्हाई पाठवणार. अटीचं कळलंय मला. तुझ्या साडूनं माझं निम्मं दुकान बंद पाडलंय, त्याच्याशी माझं रोज भांडण हाय. पण त्याला कंपनीत धाडायचं पाप माझ्या गठ्ठ्यानं नको. ठेव फोन आन् ताटं घास."

मी फोन ठेवला आन् वळलो, तर सोनाआत्या आलेली. ऐतवारी ती यायचीच, मालकाच्या ताटात कोण जेवतंय बघायला. झऱ्याचा पाईप मागं चालू हुता, तितं पाट टाकून बसली, चुलीतली राख आन् काथ्या घेतला आन् एका जाडजूड बापयाला हाक मारली, "अय, हिकडं ये. जेवलास ते ताट उचल. माझ्या मालकाचं हाय. नीट घास. कडंला बोट फिरव, कडंला."

त्यो बापया मोठ्या गाडीतनं आलेला. हातात घड्याळ माझ्या ढाब्याएवढ्या किमतीचं असंल. त्यानं बायकूकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, बाह्या सारल्या आन् घासायला बसला. मंग त्याची बायकू बसली. मंग रांग लागली. आत्या एकेकाला शिकवतीया, "अरं, तुझ्या आयनं काय शिकवलं न्हाई का?" आन् ती माणसं पावसात भिजत, हसत घासत्यात. ताट घासून झालं की नाव वाचत्यात आन् इचारत्यात, हे कोण हुतं? आत्या सांगतीया. कोण पैलवान हुता, कोण रागीट हुता, कोणाला गोड आवडायचं. तवापास्नं माझ्या ढाब्यात जेवंल त्यानं घासायचं, असाच पायंडा पडला. घासणारी बाई बरी झाली, तिला मी चुलीवर घेतली आन् मी बाजूला झालो. पिठलं सुधारलं. शेजारच्या दोन ढाबेवाल्यांनी बी गावातनं आपापल्या माणसांची ताटं मागून नेली.

दसऱ्याच्या सकाळी साडू आन् आक्का आली. आक्काच्या हातात डब्याची पिशवी, रिकामी. साडूचं तोंड पांढरं. साडू आधी मागच्या बाजूला गेलं, बघून आलं आन् बाकड्यावर बसलं. आक्का पुढच्या बाजूनं आली. ताटं बघितली, नावं वाचली, रांग बघितली. मंग साडूला म्हणाली, "हे समदं तुमी सांगितलं?"

मी डोळ्यानं खुणावलं, व्हय म्हणा, व्हय म्हणा. पण क्वालिटीचा माणूस त्यो. म्हणलं, "न्हाई. ह्यातलं मी काईच सांगितलं न्हाई. मला सुचलं बी नसतं."

"मंग ह्यात तुमचं काय हाय?"

"काय न्हाई. फेकायची ताटं आणू नगं, एवढंच म्हणलं हुतं."

आक्कानं पिशवीची घडी घातली, परत उघडली. मला वाटलं, गेलं, ह्या खऱ्या बोलण्यानं गडी बुडाला. तवर पाटावरनं सोनाआत्या म्हणाली, "अगं पोरी, ह्या बाबानं न्हाई म्हणलं म्हणून तर देवळाचं कुलूप निघालं. न्हाई म्हणायला बी कुणीतरी लागतं. आमच्या गावात समदी व्हय म्हणणारी. हे बघ तुझा भाऊजी." आन् माझ्याकडं बोट केलं.

आक्का हसली. ती हसली की माझ्या बायकूवाणी दिसती, आन् दोघी बी हसत्यात लई दिवसांनी. साडूला म्हणाली, "जेवून घ्या. आन् आपलं ताट आपण घासा." कंपनीला तिनंच फोन करून सांगितलं, येणार न्हाईत म्हणून.

आता साडू दुसऱ्या धंद्यांच्या मागं लागलंत. माझ्याकडं कमी येत्यात. हितं काय सांगायचं ऱ्हायलंच न्हाई त्येंना. मला कधी कधी करमत न्हाई, कुणी बोलायला नसलं की मी चुका तरी कुणासाठी करू? परवा थंडीत आलं, कोपऱ्यातल्या टेबलावर बसलं. समोर पुण्याचं एक कुटुंब. त्यातला बाप घासलेलं ताट हातात धरून पोरांना सांगत हुता, "बघा, ही मुळशीची शेकडो वर्षांची परंपरा आहे. पूर्वजांच्या नावाच्या ताटात जेवायचं आणि आपणच घासायचं. आपले पूर्वज किती विचारी होते!" मंग साडूकडं वळून म्हणला, "काका, तुम्हाला माहितीये ना ही पद्धत?"

मी तोंड उघडलं. साडूनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, असा की माझी चप्पल तुटली. म्हणलं, "न्हाई बा. सांगा की."

त्या माणसानं समदं सांगितलं. साडूनं समदं ऐकलं, मान हलवत, मधी मधी "असं का" म्हणत. आपलं ताट घासलं, पालथं घातलं, भाईर आलं. मी मागनं गेलो. "साडूभाऊ, सांगायचं हुतं की, आपलं हाय म्हणून."

"कशाला? जुनं म्हणलं की कुणी मोडत न्हाई. माझं म्हणलं असतं, तर उद्या कुणीतरी मोडून दावलं असतं."

हेल्मेट घातलं, मोटारसायकलवर बसलं, पण किक मारीनात. धुकं घाटातनं वर येत हुतं. मला वाटलं, काय इसरलं का काय.

"काय झालं, साडूभाऊ?"

"काय न्हाई," म्हणलं. हेल्मेटच्या आतनं आवाज बारीक आला. "किती वर्षांची म्हणला रं त्यो?"

"शेकडो."

"शेकडो," साडू म्हणलं, आन् किक मारली.